बॉक्स उघडायचा की बदलायचा?

आंबा घाट उतरताना तिसरा गिअर उडाला, तेव्हा त्या मारुती ओम्नीत दोन मोठी पातेली, शेगड्या, तांदळाचं पोतं आणि चार माणसं होती. गिअर उडाला म्हणजे दांडी आपोआप न्यूट्रलला येऊन पडली. इंजिनाने गाडीला धरून ठेवायचं सोडलं आणि उताराचा सगळा भार एकट्या ब्रेकवर आला. चालवणाऱ्याने पुन्हा तिसरा टाकला आणि साखरपा येईपर्यंत दांडी डाव्या हाताने दाबून धरली. लग्नाचं जेवण वेळेवर झालं. परतीच्या चढावर गिअर एकदाही उडाला नाही, त्यामुळे गाडीतल्या इतरांनी ‘झालं असेल काहीतरी’ म्हणून विषय सोडून दिला. चालवणारे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आले.

ही हकिगत मी तिथल्या एका गॅरेजमध्ये ऐकली. गाडीचे मालक केटरिंगचा व्यवसाय करणारे, गाडी २०१२ सालची. गॅरेजच्या दारातच त्यांना तीन सल्ले मिळाले होते. पहिला: जुन्या बाजारातून चालू गाडीचा गिअरबॉक्स आणा, दुपारपर्यंत बसवून घ्या आणि कामाला लागा. दुसरा: आहे तोच खोला, गेलं असेल तेवढं बदला. तिसरा: ओम्नी २०१९ला बंद झाली, आता तिच्यात पैसे घालू नका, विकून टाका. मालकांनी गॅरेजच्या मिस्त्रींना विचारलं, तुम्ही काय म्हणता? मिस्त्री म्हणाले, “आधी उघडू की ओ. न बघता काय सांगू?”

या लेखात मला जे सांगायचं आहे ते त्या उत्तरात आलेलं आहे. झिजलेला गिअरबॉक्स दुरुस्त करायचा की बदलायचा, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा गाडी रस्त्यावर उभी असतानाच, आवाजावरून आणि खिशावरून सोडवला जातो. बॉक्स उघडून आतले भाग टेबलावर मांडल्याशिवाय घेतलेला कुठलाही निर्णय आंधळा असतो. बदलण्याचा निर्णय आंधळा असतो तसाच दुरुस्तीचाही. आणि बॉक्स उघडण्याच्याही आधी एक पायरी आहे, ती सर्वांत जास्त वेळा चुकते.

ती पायरी म्हणजे दोष बॉक्सचाच आहे का, हे बघणं.

गिअर टाकताना करकर होते, एवढ्यावरून बॉक्स उतरवलेल्या गाड्या कितीतरी असतील. करकर एकाच गिअरला होत असेल, समजा फक्त दुसऱ्याला, तर संशय त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर घ्यावा. सगळ्याच गिअरना होत असेल तर बॉक्सला हात लावण्याआधी क्लच बघावा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर इंजिन बॉक्सला फिरवतच राहतं आणि कुठलाच गिअर शांतपणे पडत नाही. याची परीक्षा कुणालाही करता येते. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. एवढं थांबूनही तो करकरला, तर क्लच सुटत नाही असं समजावं. मग दोष ताणलेल्या केबलमध्ये असेल, हायड्रॉलिक क्लचच्या गळक्या सिलिंडरमध्ये असेल किंवा वाकलेल्या प्लेटमध्ये असेल. हे काम बॉक्सच्या कामापेक्षा फार लहान आहे.

आवाजाचंही तसंच. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घुंऽऽ असा आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो: बॉक्समधलं बेअरिंग वाजतंय. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग गेलंय, बॉक्स निर्दोष असू शकतो. ओम्नी, जुनी जीप, सुमो अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी एक खूण मिळते. ओम्नीसारख्या चार गिअरांच्या बॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनाची ताकद खालच्या काउंटर शाफ्टवरून न फिरता सरळ मागे जाते. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात गुरगुर आहे आणि चौथ्यात ती जवळजवळ नाहीशी होते, असं असेल तर काउंटरची बेअरिंग संपली आहेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे मारुती ८००पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांपर्यंत, असा थेट गिअर नसतो आणि डिफरन्शियलही त्याच पेटीत असतं. तिथे ही खूण लावायला जाऊ नये.

गिअर उडण्याची कारणंही बॉक्सच्या बाहेर असू शकतात. फाटलेलं इंजिन माउंटिंग, दांडीच्या जोडणीतले झिजलेले बुश, नीट न बसलेली केबल. त्या ओम्नीची ही सगळी बाहेरची तपासणी मिस्त्रींनी आधी केली. माउंटिंग बरं होतं, बुश ठीक होते. गिअर उडत होता तो फक्त तिसरा, आणि तोही पाय अॅक्सिलरेटरवरून काढल्यावर, उतारावर. बॉक्स खाली घ्यायचं तेव्हा ठरलं.

उतारावरच का उडतो आणि चढावर का नाही, हे कळायला बॉक्सच्या आत काय घडतं ते बघावं लागतं. दांडी हलवली की एक गिअर दुसऱ्या गिअरमध्ये जाऊन बसतो, अशी आपली समजूत असते. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात, १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर यांनी बसवलेल्या बॉक्समध्ये खरंच तसं होत होतं. आजच्या बॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात आणि सतत फिरत असतात. मुख्य शाफ्टवरचा गिअर शाफ्टला जोडलेला नसतो, सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर तो मोकळा फिरतो. त्याच्या शेजारी शाफ्टला पक्का बसवलेला हब असतो आणि हबवर सरकणारी स्लीव्ह. दांडी हलली की फोर्क ही स्लीव्ह ढकलतो, ती गिअरच्या कडेच्या छोट्या दातांवर जाऊन बसते आणि तेव्हा तो गिअर शाफ्टला बांधला जातो. या छोट्या दातांना डॉग म्हणतात. स्लीव्ह तिथे पोचण्याआधी पितळेची रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते आणि दोघांचा वेग सारखा करते. ही सिंक्रोमेशची युक्ती अर्ल थॉम्पसन यांची, ती १९२८ साली कॅडिलॅकच्या मोटारीत पहिल्यांदा आली. त्याआधीच्या चालकांना प्रत्येक गिअरला दोनदा क्लच मारावा लागे. आपल्याकडच्या जुन्या विलिस जीपच्या तीन गिअरांच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हताच. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर हाताला अंदाज लागे.

डॉगचे दात सरळ नसतात. मुळाकडे ते किंचित निमुळते कापलेले असतात, त्यामुळे जोर आला की स्लीव्ह बाहेर सटकण्याऐवजी आत ओढली जाते. दातांची टोकं गोल झाली, ही निमुळती कड झिजली की जोराची दिशा बदलताच स्लीव्ह बाहेर ढकलली जाते. चढावर इंजिन चाकांना ओढत असतं, उतारावर चाकं इंजिनाला फिरवतात. दाताची एक बाजू चांगली आणि दुसरी झिजलेली असेल, तर गिअर चढावर टिकतो आणि उतारावर उडतो. आंबा, फोंडा, आंबोली, कुंभार्ली अशा घाटांत ज्याची गाडी इंजिनाच्या जोरावर धरून उतरवावी लागते, त्याने हा दोष ‘अधूनमधून होतं’ म्हणून पुढे ढकलू नये. ब्रेक तापून मऊ पडण्याच्या वेळीच तो गिअर हात सोडतो.

बॉक्स उघडला. डिझेलने धुतला, भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. इथून पुढचा भाग मला या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच ग्राहकाच्या डोळ्यांआड होतो. त्या सकाळी मात्र मालक समोर स्टुलावर बसले होते.

पहिली नजर तेलावर. तेल काढायच्या बोल्टला लोहचुंबक असतं. त्यावर करडी, लोण्यासारखी लगदी असेल तर ती नेहमीची झीज. तेलात सोनेरी चकाकी असेल तर ती पितळी रिंगांची. बोटाला टोचणारी कपची किंवा तुटलेली सुई सापडली, तर काहीतरी फुटलं आहे आणि ते सापडेपर्यंत बॉक्स बंद करायचा नाही. ओम्नीच्या तेलात सोनेरी चकाकी भरपूर होती, कपची नव्हती.

मग पेटी, म्हणजे बाहेरचं अॅल्युमिनियमचं कवच. बेअरिंगची बाहेरची रिंग कवचात घट्ट बसायला हवी. बेअरिंग जाम होऊन ती रिंगच कवचात फिरू लागली, तर भोक मोठं होतं, शाफ्ट डगमगतो आणि नवीन बेअरिंग घालूनही महिन्याभरात तोच आवाज परत येतो. असं भोक मोठं करून बुश ठोकून पुन्हा मापात आणता येतं. उद्यमनगरात ते करणारे चांगले टर्नर आहेत, ओतकाम आणि यंत्रकाम हा या भागाचा जुना पेशा आहे. पण दोन्ही टोकांची भोकं एका रेषेत आली नाहीत, तर सगळी मेहनत वाया जाते. कवच तडकलं असेल किंवा त्यातली दोन-तीन भोकं गेली असतील, तर दुरुस्तीचा आग्रह मी धरणार नाही. तिथे दुसरा बॉक्स घ्यावा. या ओम्नीचं कवच शाबूत होतं.

त्यानंतर दात. गिअर साधारणपणे २० एमएनसीआर ५ सारख्या पोलादाचे असतात. त्यांच्या पृष्ठभागाला उष्णतेच्या प्रक्रियेने कडक कातडं चढवलेलं असतं, त्याची जाडी मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. आतला गाभा मऊसर आणि चिवट ठेवलेला असतो, म्हणजे धक्का बसला तरी दात तुटत नाही. दातावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसू लागले की हे कातडं उचकटलं आहे असं समजावं. त्यावर उपाय नाही. काही ठिकाणी तुटलेल्या दातावर वेल्डिंग भरून घासून देतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या दातांचा कडकपणाही जातो, आणि तो तुकडा पुन्हा तुटला की दोन फिरत्या गिअरांच्या मध्ये अडकून चांगली पेटी फोडतो. असं काम करून देणाऱ्याला नाही म्हणावं.

ओम्नीच्या तिसऱ्या गिअरचे मोठे दात स्वच्छ होते. कडेचे डॉगचे दात मात्र एका बाजूने गोल झाले होते, स्लीव्हच्या आतले दातही तसेच. फोर्कची टोकं पातळ झाली होती, म्हणजे स्लीव्ह पूर्ण आत जातच नव्हती. तिसरा उडण्याचं कारण तिथे होतं. मिस्त्रींनी एकेक पितळी रिंग तिच्या गिअरवर दाबून मधल्या फटीत फीलर गेज घातला. नव्या रिंगला ही फट साधारण एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते. अर्ध्या मिलिमीटरवर आली की रिंग संपली, नेमकं माप त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या रिंगा संपलेल्या होत्या, चौथ्याची काठावर होती. मुख्य शाफ्टचं मागचं बेअरिंग हातात धरून फिरवलं तर खरखर जाणवत होती. काउंटर उत्तम होता.

खरा पेच इथे आला. गिअर जोडीने बदलावेत असा नियम आहे, कारण एकमेकांवर घासून बसलेल्या दातांपैकी एकच नवा आला तर दोघं नीट जुळत नाहीत. पण बहुतेक छोट्या गाड्यांत काउंटरवरचे गिअर आणि शाफ्ट अखंड असतात. तिसऱ्याची जोडी बदलायची म्हणजे सगळा काउंटर बदलायचा, आणि मग बाकीच्या गिअरांच्या जोड्याही बिघडतात. म्हणजे नियम शेवटपर्यंत पाळला तर बॉक्समध्ये जुनं काहीच उरत नाही. मिस्त्रींचं म्हणणं, काउंटरच्या दातांवर एकही खड्डा नाही, तेव्हा तिसरा गिअर एकटा नवा घालू. काही दिवस तिसऱ्यात बारीक शिट्टी येईल, ती मालकांना चालत असेल तर. मालक म्हणाले, “घाटात थांबला म्हणजे झालं.” माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. दातांच्या पृष्ठभागावर खड्डे असते, तर मी उलटं म्हटलं असतं.

मग बिलबुकाच्या मागच्या पानावर हिशेब झाला. हा हिशेब करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बॉक्स खाली घेण्याची आणि वर चढवण्याची मजुरी दोन्ही वाटांत तेवढीच आहे. फरक पडतो तो टेबलावरच्या मजुरीचा आणि भागांचा. बॉक्स एकदा उतरलाच आहे, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाच्या मागच्या टोकाचं ऑइल सील त्याच वेळी बघून घ्यावं, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. सुटे भाग २२ सप्टेंबर २०२५पासून थोडे हलके झाले आहेत. बहुतेकांवरचा जीएसटी २८ टक्के होता, तो १८ झाला. भागांची बेरीज चांगल्या, तपासलेल्या दुसऱ्या बॉक्सच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत असेल तर मी डोळे मिटून दुरुस्ती म्हणेन. बेरीज त्या किमतीला भिडली तरीही, मिस्त्री हाताचा असेल तर, दुरुस्तीच म्हणेन. कारण दुरुस्त केलेल्या बॉक्समध्ये काय नवं आहे आणि काय जुनं आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

जुन्या बाजारातल्या बॉक्सबद्दल ते ठाऊक नसतं. दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, मुंबईतला कुर्ला, पुण्याचा जुना बाजार, सगळीकडे ओळीने मांडलेले बॉक्स दिसतात. डिझेलने धुतलेले आणि बरेचसे चंदेरी रंग मारलेले. रंग मारलेला बॉक्स मला कधीच भरवशाचा वाटत नाही. रंगाखाली तेल गळल्याच्या खुणा झाकल्या जातात आणि तडाही झाकला जातो.

महाराष्ट्रात आणखी एक काळजी घ्यावी लागते. २६ जुलै २००५ला मुंबईत, ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीत, जुलै २०२१मध्ये चिपळुणात हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरानंतर अशा गाड्यांचे भाग सुटे होऊन बाजारात जातात. गिअरबॉक्सला हवा जायला एक छोटी नळी असते. गाडी बुडाली की त्या वाटेने आणि सीलमधून पाणी आत शिरतं. बाहेरून बॉक्स छान दिसतो. आत बारीक सुयांच्या बेअरिंगवर गंज धरलेला असतो, तो हाताने फिरवून कळत नाही, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर कळतो. तेल शिल्लक असेल तर ते बघावं. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं तेल दिसलं की तिथून निघावं. धुतलेला, कोरडा बॉक्स असेल तर वरचं झाकण उघडून दाखवा असं म्हणावं. विकणारा तयार नसेल तर त्यातच उत्तर आलं.

दुसरी अडचण जुळणीची. बाहेरून सारखे दिसणारे दोन बॉक्स आतून वेगळे असू शकतात. पेट्रोलचा आणि डिझेलचा, आधीच्या आणि नंतरच्या मॉडेलचा. पुढच्या चाकांवरच्या गाड्यांत तर क्राउन-पिनियनच्या दातांची संख्या बदलली की गाडीचा सगळा स्वभाव बदलतो: एकतर चढावर रडते किंवा हायवेवर इंजिन ओरडतं. म्हणून आपला उतरवलेला बॉक्स सोबत घेऊन जावं आणि एकेका गिअरमध्ये पुढचा शाफ्ट हाताने फिरवून दुसऱ्या टोकाच्या फेऱ्या दोन्ही बॉक्सवर मोजाव्यात. क्लच प्लेट जिथे बसते त्या खाचा मोजाव्यात. शाफ्ट वर-खाली हलवून खेळ बघावा. आरसीवर इंजिन आणि चासीचे नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे बदल नोंदवण्याचा त्रास नाही. पण त्याच कारणाने चोरीच्या गाडीचा बॉक्सही सहज खपतो. पक्कं बिल आणि दुकानाचा पत्ता घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इतकं सांगूनही, दुसरा बॉक्स घेणं काही वेळा हीच शहाणपणाची वाट असते. अपघातात मागून ठोकलेल्या, कमी चाललेल्या गाडीचा बॉक्स, ज्या गाडीतून उतरला ती समोर उभी आहे, चालकाची ओळख आहे, अशी संधी मिळाली तर सोडू नये. कवच गेलेलं असेल तर पर्यायच नाही. नव्या, सहा गिअरांच्या काही बॉक्समध्ये हब आणि रिंगा सुट्या मिळतच नाहीत, सगळा संच घ्यावा लागतो आणि बेरीज बॉक्सच्या पलीकडे जाते. वॉरंटीतली गाडी तर बाहेर उघडूच नये. कंपनीकडून नवा बॉक्स मागवणार असाल, तर तो क्लच हाउसिंग, सेन्सर आणि दांडीच्या जोडणीसह येतो की त्यांच्याशिवाय, हे ऑर्डर देण्याआधी विचारावं.

कंपनीच निघून गेली असेल तर? जनरल मोटर्सने २०१७अखेर भारतात शेव्हरोले गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. तळेगावात बनलेल्या शेव्हरोले गाड्या अजून आपल्या रस्त्यांवर आहेत. अशा गाडीचा मालक गिअरबॉक्सच्या आवाजाने जास्त घाबरतो, आणि गाडी मिळेल त्या किमतीला काढून टाकतो. त्याला एक दिलासा आहे. बॉक्समधली बरीच बेअरिंग कंपनीची नसतात, जगभर एकाच मापाने बनलेली असतात आणि माप त्यांच्यावर कोरलेलं असतं. ६२०५ हा आकडा दिसला की आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५, हे ठरलेलं. ६३०५ असेल तर भोक तेच, बाहेरचा व्यास ६२ आणि रुंदी १७. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून जास्त असतील, तर त्यांना पाचने गुणलं की भोक मिळतं. त्यापुढची अक्षरंही जपून उतरवावीत, कारण सी३ लिहिलेल्या बेअरिंगमध्ये गोळ्यांना जास्त मोकळीक असते आणि गरम होणाऱ्या बॉक्सला ती लागते. काही मापं खास असतात, ती शोधावी लागतात. पण आवाज फक्त बेअरिंगचा असेल, तर कंपनी देशात आहे की नाही याने फरक पडत नाही. नकली बेअरिंग मात्र बाजारात खूप आहेत. खोक्यावर विश्वास ठेवू नये, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावीत.

आता माझ्या काळजीच्या विषयाकडे येतो. बॉक्स उघडू शकणारी माणसं कमी होत आहेत. मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाचे तास मोजलेले असतात. तिथे बॉक्स उघडून रिंगांची फट मोजत बसण्यापेक्षा आख्खी असेंब्ली बदलणं सोपं आणि हमी देण्यासारखं असतं. त्यांचं गणित मला समजतं. पण त्यामुळे तिथे तयार होणाऱ्या तरुण मेकॅनिकच्या हाताला शिम लावून शाफ्टचा खेळ साधणं, बेअरिंग हातोडीने न ठोकता प्रेसवर बसवणं, ही कामं येतच नाहीत. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात बॉक्स खोलून जोडायला शिकवतात. नंतर त्या हाताला सराव कुठे मिळतो? मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी इतकी वर्षं चालली ती याच सरावाच्या जोरावर. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीची दांडी स्टिअरिंगला होती, आणि तिचा बॉक्स खोलणारे मिस्त्री शहरभर होते. ऑक्टोबर २०२३अखेर शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, कारण मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. तिच्यासोबत एका पिढीच्या मिस्त्रींचं रोजचं कामही गेलं.

विजेवरच्या बहुतेक गाड्यांना गिअर बदलावेच लागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही आज रस्त्यावर असलेल्या मॅन्युअल गाड्या अजून बरीच वर्षं चालायच्या आहेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्या ओम्नीची मूळ नोंदणी २०२७पर्यंत आहे. मिस्त्रींनी बॉक्सचं काम घेण्याआधी गाडीखाली शिरून तळाचा पत्रा टॉर्चने बघितला होता. कोकणात फिरणाऱ्या गाडीचा पत्रा आधी जातो, आणि पत्रा कुजलेल्या गाडीत नवा किंवा जुना, कुठलाच बॉक्स घालण्यात अर्थ नाही. पत्रा चांगला निघाला, म्हणूनच पुढचं बोलणं झालं.

बॉक्स झिजू नये म्हणून मालकाच्या हातात फारसं नसतं, पण जे असतं ते केलंच जात नाही. इंजिनाचं तेल वेळेवर बदलणारा माणूसही गिअरचं तेल पाच-पाच वर्षं बघत नाही. सीलमधून थेंब-थेंब गळत ते कमी होत जातं. दुकानात ‘नव्वद नंबर’ मागितलं की जे मिळेल ते ओततात. जीएल-४ आणि जीएल-५ यांतला फरक विचारत नाहीत. जीएल-५मध्ये प्रचंड दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जवळपास दुप्पट असतात. ती डिफरन्शियलला हवीत, पण पितळी रिंगांना तापल्यावर ती सोसत नाहीत, आणि रिंगेला पकड मिळायला जी घासण लागते तीही कमी होते. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घालावं. आणखी एक: मागच्या चाकांवर चालणारी गाडी बंद पडली आणि टोचन करून लांब न्यायची असेल, तर प्रोपेलर शाफ्ट सोडावा किंवा मागची चाकं उचलावीत. इंजिन बंद असताना काउंटर फिरत नाही, त्यामुळे वरच्या शाफ्टवर तेल उडत नाही आणि तो कोरडा फिरत राहतो.

ओम्नीचा बॉक्स दुरुस्तच झाला. तिसरा गिअर, हब-स्लीव्हचा संच, तिन्ही पितळी रिंगा, फोर्क, सगळी बेअरिंग, सगळी सील आणि क्लच प्लेट. काउंटर आणि कवच जुनंच राहिलं. खरखर एकाच बेअरिंगला होती, तरी मिस्त्रींनी सगळी बदलायला लावली, आणि त्यांचं बरोबर होतं: बेअरिंगच्या किमतीपुढे पुन्हा बॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी आहे.

तुमच्या गाडीचा गिअर करकरू लागला असेल तर अजून वेळ गेलेली नाही. रिंग आणि बेअरिंग गेली असताना केलेलं काम स्वस्त पडतं. तीच गाडी आणखी वर्षभर रेटली की गिअर, हब आणि शेवटी कवच जातं, आणि मग निवड करायला काही उरत नाही. बॉक्स उघडतील त्या दिवशी कामावर रजा टाका आणि समोर बसा. काय बदलायचं ते भाग हातात घेऊन ठरवा, आणि बदललेले सगळे जुने भाग पिशवीत घालून मागून घ्या. गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या हजार किलोमीटरनंतर गिअरचं तेल एकदा बदला, कारण नव्या रिंगांची पितळी भुकटी त्यात उतरलेली असते.